भर उन्हाळ्यात कुडकुडत आलेल्या ताई : सोरायसिसची एक केस, पहिल्या चट्ट्यापासून

मी स्किनची डॉक्टर आहे, सोलापूर भागात प्रॅक्टिस करते. ही केस लिहायला ताईंनी स्वतः हो म्हटलंय, नाव-गाव आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, नुसतं ताईच म्हणते. सोरायसिस हा कातडीचा आजार आहे असं सगळे म्हणतात आणि दिसतोही कातडीवरच, पण या केसमधला प्रत्येक चुकलेला आणि बरोबर आलेला निर्णय कातडीबद्दल नव्हताच, तो रक्तातून कातडीत येऊन बसलेल्या पांढऱ्या पेशींबद्दल होता. म्हणून सगळं नीट लिहून काढतेय.

पार्श्वभूमी

ताई माझ्याकडे आल्या तेव्हा ४३ वर्षांच्या. कडक भाकरीचा घरगुती धंदा, त्या आणि शेजारच्या दोघीजणी मिळून रोज दोनशेच्या वर ज्वारीच्या भाकऱ्या थापायच्या. मालक रिक्षा चालवतात, मोठी मुलगी कॉलेजला, घरात सासूबाई. सासरे २०१५ मध्ये टीबीने आजारी होते, कोर्स पूर्ण करून बरे झाले आणि नंतर वयाने गेले. हे सासऱ्यांचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०१९ च्या पावसाळ्यात डाव्या कोपरावर रुपयाएवढा चट्टा आला, लाल, वर चांदीसारखे खवले. मग डोक्यात सुरू झालं, ते कोंडा म्हणून सोडून दिलं. कोपरावरचं गजकर्ण असणार म्हणून मेडिकलमधून ट्यूब आणली. या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासॉल असं तिन्ही एकत्र असतं आणि क्लोबेटासॉल हे लावायच्या स्टिरॉइडमधलं सगळ्यात तगडं. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टिरॉइड क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत म्हणून शेड्यूल एचमध्ये टाकली, तरी काउंटरवर नुसतं "गजकर्णाची ट्यूब द्या" म्हटलं की मिळते, हे मी रोज बघते आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो. ट्यूब लावली की आठ दिवसांत चट्टा फिका, बंद केली की पंधरा दिवसांत डबल. दोन वर्षं हेच चाललं.

मधल्या काळात पथ्यं झाली. वांगं बंद, आंबट बंद, मासे बंद, दूध बंद. सासूबाईंचं म्हणणं रक्त बिघडलंय. भावकीत कुणीतरी हळूच महारोगाचं नाव काढलं आणि त्या दिवसापासून ताईंनी लग्नाकार्याला जाणं सोडलं. २०२१ मध्ये कुणाच्यातरी सांगण्यावरून एका डॉक्टरकडे जायला लागल्या, तिथे महिन्याला कंबरेत एक इंजेक्शन आणि कागदाच्या पुडीत पांढऱ्या गोळ्या मिळायच्या. "मॅडम, एका सुईत हात लोण्यासारखे व्हायचे," असं त्या म्हणाल्या, आणि खोटं नाही, व्हायचेच, कारण ते स्टिरॉइड होतं. दोन वर्षांत वजन ५८ वरून ७१ किलो, चेहरा गोल, पायऱ्या चढताना मांड्यांत जीव नाही.

मार्च २०२३ मध्ये गावातल्या एका तपासणी शिबिरात साखर २६० निघाली. तिथल्या नर्सने विचारलं इंजेक्शन कसलं घेता, ते स्टिरॉइड असेल तर साखर त्यानेच वाढली असेल. ताईंनी घाबरून त्या दिवसापासून इंजेक्शन, गोळ्या, ट्यूब सगळं एकदम बंद केलं. नर्सचं बोलणं बरोबर होतं, पण एकदम बंद करायचं नसतं हे सांगायला कुणीच नव्हतं.

अडचण काय होती

मे महिना, बाहेर बेचाळीस डिग्री, आणि ताई गोधडी पांघरून कुडकुडत आत आल्या. गोधडी काढली तर डोक्यापासून पायापर्यंत लालबुंद, खुर्चीतून उठल्या तर खाली खवल्यांचा थर. तळहाताएवढी जागा म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का असा आमचा हिशोब, त्या हिशोबाने ९० टक्क्यांच्या वर अंग लाल होतं. याला एरिथ्रोडर्मा म्हणतात. कातडीतल्या सगळ्या रक्तवाहिन्या फुगून रुंद झाल्या की अंगातली उष्णता बाहेर निघून जाते, म्हणून बेचाळीस डिग्रीतही थंडी वाजते. पाणी उडून जातं, खवल्यांतून प्रोटीन जातं, हृदयाला डबल काम पडतं. नाडी ११८, बीपी ९६/६०, पायांवर सूज, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन २.४, म्हणजे बरंच कमी. पोटावर आणि काखेत बारीक बारीक पुटकुळ्या, आत पांढरा पू, पण पू टेस्टला पाठवला तर त्यात जंतू नाहीत.

लगेच सोरायसिस म्हणून मोकळं व्हायचं नव्हतं. सगळं अंग लाल होण्याची बाकी कारणं पण आहेत, औषधाची रिअ‍ॅक्शन, जुना इसब, क्वचित कातडीतला टी-पेशींचा (या पांढऱ्या पेशींचीच एक जात) कॅन्सर. पण कोपराचा पहिला चट्टा, डोक्यातले जाड खवले, नखांवरचे खड्डे ही हिस्टरी आणि बायोप्सी जुळली. बायोप्सीत वरच्या थरात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचे छोटे छोटे ढीग होते, मन्रोचे मायक्रोअ‍ॅब्सेस म्हणतात त्याला, पूमध्ये जंतू का नव्हते त्याचं उत्तर तिथेच. तो पू म्हणजे बोलावून आणलेल्या न्यूट्रोफिल पेशीच होत्या.

आत काय चाललेलं

हे मी ताईंच्या मुलीला वॉर्डात कागदावर काढून दाखवलं होतं, तसंच इथे सांगते.

आपल्या कातडीची पेशी खालच्या थरात जन्मते आणि वर सरकत सरकत साधारण महिन्याभरात पिकून गळून पडते. सोरायसिसमध्ये हाच प्रवास चार-पाच दिवसांत होतो. मुलीला म्हटलं, पीठ अजून मळून झालं नाही आणि कुणीतरी मागून ढकलतंय की टाक तव्यावर, टाक तव्यावर. कच्च्याच पेशी वर येऊन साचतात, तोच खवला. आता ढकलतंय कोण, हा खरा प्रश्न. बरीच वर्षं डॉक्टर लोक पण समजायचे की दोष कातडीच्या पेशीतच आहे. मग १९७९ मध्ये एक गंमतशीर गोष्ट दिसली, सांधेदुखीसाठी सायक्लोस्पोरिन दिलेल्या काही पेशंटचा सोरायसिस साफ झाला. आता सायक्लोस्पोरिन हे तर टी-पेशींना रोखणारं औषध, किडनी ट्रान्सप्लांटमधलं. पुढे असंही दिसलं की सोरायसिसवाल्याला दुसऱ्याचा बोन मॅरो, म्हणजे रक्तातल्या पेशी जिथे बनतात तो हाडातला मगज, दिला की आजार जाऊ शकतो, आणि सोरायसिसवाल्याचा मॅरो निरोग्याला दिला तर त्याला आजार येऊ शकतो. म्हणजे ढकलणारे मॅरोतून येतात.

कातडीत डेंड्रिटिक पेशी असतात, त्या पहारेकरी. जखम, घशातला स्ट्रेप्टोकोकस, खरचटणं, काहीतरी निमित्त होतं आणि त्या जाग्या होतात. खरचटलेल्या कातडीतून एलएल-३७ नावाचं एक छोटं प्रोटीन सुटतं, ते फुटलेल्या पेशीच्या डीएनएला चिकटलं की या पहारेकऱ्यांना तो व्हायरसच वाटतो आणि ते बोंब ठोकतात. ती बोंब म्हणजे टीएनएफ आणि आयएल-२३ अशी निरोपाची रसायनं. आयएल-२३ चा निरोप ज्यांना जातो त्या टीएच-१७ नावाच्या टी-पेशी, त्या मग आयएल-१७ सोडतात. आयएल-१७ कातडीच्या पेशींना सांगतं की वाढा आणि न्यूट्रोफिल बोलवा. कातडीच्या पेशी तसं करतात आणि वर स्वतः पण नवे निरोप पाठवून आणखी पहारेकरी बोलावतात. चक्र एकदा फिरायला लागलं की निमित्त संपलं तरी ते थांबत नाही. ताईंचे तळहात दिवसभर परातीवर आपटत होते, जिथे घासतं तिथे सोरायसिस उठतो, त्यामुळे निमित्त तर रोजचंच होतं.

आणि स्टिरॉइड काय करतं? ते या सगळ्यांचं तोंड एकदम दाबतं. पहारेकरी, टी-पेशी, सगळेच गप्प. म्हणून आठ दिवसांत लोण्यासारखे हात. पण ते संपत नाहीत, घरी जात नाहीत, हात काढला की सगळे मिळून आधीपेक्षा मोठ्याने ओरडतात. ताईंच्या अंगात स्टिरॉइडचा हा हात दोन वर्षं दाबलेला होता आणि तो एका दिवसात काढला.

पर्याय आणि पहिला पेच

पहिला पेच स्टिरॉइडचाच. नातेवाईक म्हणत होते मॅडम ते इंजेक्शन द्या, त्याने बरं वाटायचं. खरं सांगते, त्या रात्री बीपी बघून माझाही हात तिकडे जात होता. सोरायसिससाठी स्टिरॉइड परत चालू करणं म्हणजे तोच खड्डा आणखी खोल खणणं. पण दुसऱ्या बाजूने बघितलं तर बाहेरून दोन वर्षं स्टिरॉइड मिळाल्यामुळे त्यांच्या स्वतःच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपलेल्या होत्या, सकाळचं कॉर्टिसोल, म्हणजे या ग्रंथी बनवतात ते शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, खूपच कमी आलं. अशा माणसाला ताप, उलटी, जुलाब काही झालं तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो. म्हणून मी आणि आमच्या फिजिशियन सरांनी मिळून ठरवलं की शरीर रोज जेवढं बनवतं तेवढंच हायड्रोकॉर्टिसोन द्यायचं, आजार दाबायला नाही तर ग्रंथी जाग्या होईपर्यंत आधार म्हणून, आणि महिन्या-महिन्याने कमी करायचं. नातेवाईकांना हा फरक समजावायला अर्धा तास गेला, पण तो अर्धा तास घालवलाच पाहिजे होता, नाहीतर घरी गेल्यावर त्यांनी "मॅडमनी पण तेच दिलं" म्हणून पुन्हा पुडी आणली असती.

मग मूळ औषध कुठलं? मेथोट्रेक्सेट जुनं, स्वस्त, चांगलं, पण चढायला सहा-आठ आठवडे, आणि लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं. अ‍ॅसिट्रेटिन प्रतिकारशक्ती दाबत नाही हे त्याचं चांगलं, पण ताईंचं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, आधीच ३४० होतं आणि अ‍ॅसिट्रेटिनने ते आणखी चढतं. यूव्हीबीचा, म्हणजे अतिनील किरणांचा लाइट एवढ्या लाल अंगावर देता येत नाही. सायक्लोस्पोरिन पटकन काम करतं, दोन-तीन आठवड्यांत, पण बीपी आणि किडनी सांभाळावी लागते. बंगळुरूच्या बायोकॉनने २०१३ मध्ये आणलेलं इटोलिझुमॅब, टी-पेशीवरच्या सीडी-६ ला धरणारं, त्याचाही विचार झाला, पण अशा आणीबाणीत ते हळू पडलं असतं. आणि इन्फ्लिक्सिमॅब, टीएनएफला बांधून टाकणारं, झटपट.

इथे सासरे आठवा.

टीबीचा जंतू अंगात शिरला की दरवेळी आजार होतो असं नाही. मॅक्रोफेज पेशी त्याला घेरून गाठीसारखं कुंपण घालतात, आत जंतू झोपून राहतो, वर्षानुवर्षं. आणि ते कुंपण टिकवून ठेवण्याचं काम कोण करतं? टीएनएफ. तेच टीएनएफ जे ताईंच्या कातडीत आग लावत होतं. एकाच निरोपाची दोन कामं. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्यांमधे टीबी उफाळल्याच्या ७० केसेस छापून आल्या तेव्हा हे जगाला कळलं, आणि जगातल्या टीबीपैकी साधारण पाव हिस्सा एकट्या भारतात आहे, म्हणजे आपल्याकडे ही शंका आधी घ्यायची.

एक्स-रे साफ होता. मँटू टेस्ट करायची तर हातावर टोचून तिथे उठलेला कडक फुगवटा मोजायचा, आणि इथे अख्ख्या हाताची कातडीच बिघडलेली. म्हणून रक्ताची आयजीआरए केली. त्यात पेशंटच्या टी-पेशींना टीबीच्या जंतूचे तुकडे दाखवतात आणि त्या इंटरफेरॉन-गॅमा सोडतात का ते बघतात. रिपोर्ट आला "अनिश्चित". म्हणजे टीबी नाही असं नाही, तर यांच्या टी-पेशी एवढ्या थकल्या-दबलेल्या आहेत की जिथे उत्तर यायलाच हवं त्या कंट्रोलच्या ट्यूबलाही धड उत्तर देईनात. घाईत असलेला माणूस हा रिपोर्ट निगेटिव्ह समजून पुढे जाऊ शकतो. आम्ही इन्फ्लिक्सिमॅब बाजूला ठेवलं आणि तीन आठवड्यांनी टेस्ट परत केली. पॉझिटिव्ह.

काय केलं

सायक्लोस्पोरिन सकाळी १००, संध्याकाळी १०० मिलिग्रॅम सुरू केलं. अंगाला दिवसातून चार वेळा पांढरं व्हॅसलिन, खोलीतला कूलर बंद (बाकीच्या पेशंटचे नातेवाईक चिडले, ते मी निस्तरलं), पाणी किती आत गेलं आणि किती बाहेर पडलं याचा हिशोब. आणि पथ्य सोडवलं. प्रोटीन धो धो वाहून जात असताना बाईंनी दूध, मासे, डाळ सगळं सोडलेलं, अंडी तर घरात येतच नव्हती. डाळ, दूध, शेंगदाणे वाटीवर मोजून सुरू केलं, मालक स्वतः घरून पिठलं आणायला लागले. नवव्या दिवशी थंडी वाजायची थांबली. तीन आठवड्यांनी घरी गेल्या तेव्हा लाली निम्म्यावर होती.

टीबीची लागण झोपलेली आहे हे कळल्यावर तिच्यावर प्रतिबंधाचा कोर्स द्यायचा होता. इथे दुसरा पेच. आठवड्यातून एकदा असा बारा डोसचा छोटा कोर्स आहे, पेशंटला सोपा, पण त्यातलं रिफापेंटिन लिव्हरमधली एन्झाइम एवढी वाढवतं की सायक्लोस्पोरिन रक्तातून लवकर उडून जातं, म्हणजे औषध घेऊनही सोरायसिस परत पेटला असता. म्हणून लांबचा रस्ता घेतला, सहा महिने रोज आयसोनियाझिड, सोबत बी-६. आणि आयसोनियाझिड पण लिव्हरवर, मेथोट्रेक्सेट पण लिव्हरवर, म्हणून ही दोन एकत्र चालवायची नाहीत, आयसोनियाझिड संपेपर्यंत सायक्लोस्पोरिनवर काढायचं असं ठरलं. जूनमध्ये सुरू केलं, डिसेंबरात संपलं.

सातव्या आठवड्यात बीपी १५०/१०० झालं आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, ०.७ चं ०.९५. ०.९५ हे लॅबच्या कागदावर नॉर्मलच छापून येतं, कुणी लाल गोल करत नाही, पण त्यांच्या स्वतःच्या आधीच्या आकड्यापेक्षा ते तिसऱ्या हिश्श्याने वाढलं होतं. डोस कमी केला, अ‍ॅमलोडिपिन ही बीपीची गोळी जोडली, दोन्ही खाली आले.

निसटलेली गोष्ट

आता माझी चूक. जुलैमध्ये ताई म्हणाल्या होत्या, "सकाळी बोटं वळत नाहीत मॅडम, तासभर लागतो, भाकरी थापून थापून झालं असेल." मी कातडी बघत होते, बीपी बघत होते, किडनी बघत होते. मान डोलावली आणि पुढचं बोलले. भाकरी थापणाऱ्या बाईची बोटं दुखणारच असं माझ्याही मनाने धरून टाकलं. सप्टेंबरमध्ये मुलगी सहज म्हणाली, "आई आता थापतच नाही, आम्हीच थापतो." तेव्हा हात हातात घेऊन बघितला तर डाव्या हाताची अनामिका मुळापासून टोकापर्यंत गाजरासारखी सुजलेली, नखांवर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे खड्डे, टाचेवर दाबलं तर ओरडल्या. कामाने दुखणारं बोट कामानंतर दुखतं, झोपून उठल्यावर तासभर आखडलेलं राहत नाही. हा सोरायसिसचा संधिवात होता. एक्स-रेत एका सांध्याला हाड झिजायला सुरुवात झालेली दिसली.

सोरायसिसच्या पेशंटमधे काही पाहण्यांत ३० टक्क्यांपर्यंत लोकांना हा सांध्यांचा भाग दिसलाय, आणि नखं खराब असतील तर शंका आणखी घ्यायची. नखांचे खड्डे तर मी मे महिन्यातच केसपेपरवर लिहिले होते! त्यात दोन वर्षांच्या स्टिरॉइडने सांधे पण दाबलेले होते, ते बंद झाल्यावर कातडी आधी बोलली आणि सांधे मागून बोलले. कातडीतल्या त्याच टीएनएफ-आयएल-१७ चं चक्र स्नायूबंध हाडाला जिथे चिकटतो तिथे फिरत असतं. झिजलेलं हाड परत येत नाही. कातडी मात्र व्रण न ठेवता भरून येते, म्हणून घाई सांध्याची जास्त होती आणि मी दोन महिने उशीर केला.

पुढचे निर्णय

सायक्लोस्पोरिन कातडीला छान पण सांध्यांना तेवढं नाही. डिसेंबरात आयसोनियाझिड संपलं, लिव्हरचे रिपोर्ट चांगले होते, जानेवारी २०२४ मध्ये मेथोट्रेक्सेट सुरू केलं, सायक्लोस्पोरिन हळूहळू काढलं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, चुकून रोज घेतलं तर रक्तातल्या पेशी संपून माणूस दगावतो, हे मी प्रत्येकाला तीनदा सांगते. ताईंना वाचता बेताचंच येतं. वार त्यांनीच निवडला, गुरुवार, दत्ताचा उपास असतो म्हणून विसरणार नाहीत, संध्याकाळी उपास सोडला की गोळी. बाकीच्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड. एका वेळी चारच गुरुवारांच्या गोळ्या हातात द्यायच्या, जास्त नाही.

मे २०२४ पर्यंत कातडी पाच टक्क्यांच्या आसपास आली, पण दोन बोटं आणि टाच ऐकेनात. मग बायोलॉजिक, म्हणजे एखादाच निरोप नेमका धरणाऱ्या इंजेक्शनचा विषय निघाला. अडालिमुमॅबचं भारतीय कंपन्यांचं बनवलेलं स्वस्त रूप मिळतं, पण ते टीएनएफवालं. टीबीचा प्रतिबंधक कोर्स झालेला होता त्यामुळे देता आलं असतं, नियमात बसत होतं. सेक्युकिनुमॅब आयएल-१७ ला धरतं, टीबीचं कुंपण त्यावर तेवढं अवलंबून नाही, पण पैसे जास्त. फिजिशियन सर, ताई, मालक आणि मुलगी असे सगळे बसलो. मी दोन्हीचा खर्च वर्षाच्या हिशोबाने कागदावर मांडला, महिन्याच्या नाही, कारण महिन्याचा आकडा ऐकून लोक हो म्हणतात आणि पाचव्या महिन्यात बंद करतात. मालकांनी विचारलं, शेजारच्या घरात आता परत टीबीचा पेशंट आहे, त्याने काही फरक पडतो का? पडतो. एकदा कोर्स केला म्हणजे नवीन लागण होत नाही असं नाही. त्या प्रश्नावर निर्णय झाला. पैसे बचत गटाच्या कर्जातून आणि भिशीतून उभे केले. जून २०२४ पासून सेक्युकिनुमॅब, सुरुवातीला दर आठवड्याला एक असे पाच डोस, मग चार आठवड्यांनी एक. मेथोट्रेक्सेट कमी डोसवर ठेवलं.

निकाल

दुसऱ्या महिन्यात बोटं वळायला लागली. सहाव्या महिन्यात कातडीवर शोधून बघावं लागत होतं. ऑक्टोबरमध्ये जिभेवर पांढरा थर, तिखट लागलं की जळजळ. पुन्हा तेच, एकाच निरोपाची दोन कामं: आयएल-१७ नुसतं सोरायसिस करत नाही, तोंडातल्या कँडिडा बुरशीला पण तेच आवरून धरतं, ते बांधलं की बुरशी मोकळी होते, त्यात त्यांची साखर. औषधाने आठ दिवसांत गेलं. साखर स्टिरॉइड सुटल्यावर बरीच खाली आलीय पण गोळी चालू आहे. कॉर्टिसोल नॉर्मल व्हायला जवळजवळ वर्ष लागलं.

२०२५ च्या उन्हाळ्यात पैशाची ओढाताण झाली आणि त्यांनी न सांगता चार आठवड्यांचं सहा केलं. चट्टा आला, बरोब्बर डाव्या कोपरावर, २०१९ चा पहिला होता तिथेच. कातडी वरून साफ दिसते पण जुन्या चट्ट्याच्या जागी आठवण ठेवणाऱ्या टी-पेशी वस्ती करून राहतात, त्या रक्तात परत जात नाहीत, आणि औषधाचा जोर कमी झाला की तिथूनच सुरुवात होते. मला राग नाही आला, न सांगता केलं याचं वाईट वाटलं. आता आम्ही पाच आठवड्यांवर आहोत, कोपरावर नजर ठेवून.

ताई परत थापतात, शंभरएक भाकऱ्या, बाकी दोघीजणी. माल घेणाऱ्या एका दुकानदाराने मधल्या काळात त्यांची ऑर्डर बंद केली होती, लागट आजार आहे म्हणून. मी लेटरहेडवर मराठीत लिहून दिलं की हा आजार हाताने, अन्नाने, कपड्याने कशानेच लागत नाही. ते पत्र त्यांनी लॅमिनेट करून चुलीमागच्या भिंतीवर लावलंय.

काय वेगळं करता आलं असतं

मला सगळ्यात बोचतं ते जुलैचं. आता सोरायसिसच्या प्रत्येक पेशंटला पहिल्याच दिवशी विचारते, सकाळी उठल्यावर बोटं, टाच, कंबर किती वेळ आखडते, आणि हात धरून बघते, कामाचं कारण त्यांनी स्वतः पुढे केलं तरी.

आयजीआरएसाठी मी रक्त पाठवलं तेव्हा ती अनिश्चित येऊ शकते हे मला माहीत होतं, तरी घरच्यांना आधी सांगितलं नाही, त्यामुळे दुसऱ्यांदा टेस्टचे पैसे मागताना त्यांना वाटलं आमचं काहीतरी चुकलं. आधी एक वाक्य बोलले असते तर झालं असतं.

बायोलॉजिक आधीच द्यायला हवं होतं का, यावर सरांचं आणि माझं अजून एकमत नाही. ते म्हणतात सप्टेंबरातच, आयसोनियाझिड महिनाभर झालेलं असतं की सुरू करता येतं, बोट वाचलं असतं. मला वाटतं तेव्हा घरात इतके पैसे नव्हते आणि दोन डोसनंतर थांबले असते. पण सप्टेंबरात मी त्यांना तो पर्याय मांडलाच नाही, परवडणार नाही हे माझं मीच ठरवून टाकलं. बचत गटाचं मला कुठे माहीत होतं?

आणि जे माझ्या हातात नव्हतं ते, २०१९ ची ट्यूब. कोपरावरचा तो चट्टा तेव्हा कुणी नखाने हलकेच खरवडून बघितला असता, वरचे खवले निघून खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसले असते, तर हे गजकर्ण नसावं अशी शंका पाच मिनिटांत आली असती.

मागच्या महिन्यात मोठ्या मुलीला घेऊन आल्या. घसा दुखून गेला आणि तीन आठवड्यांनी पोटावर-पाठीवर थेंब थेंब पडल्यासारखे लाल ठिपके. एचएलए-सी या जनुकाचा एक प्रकार, सी-०६:०२, घराण्यातून येतो आणि अशांना स्ट्रेप्टोकोकसच्या घशानंतर हे होऊ शकतं. मुलीने ठिपके दिसल्याच्या चौथ्या दिवशी आईला दाखवले, पाचव्या दिवशी दोघी माझ्यासमोर बसल्या होत्या. मी विचारलं, काही लावलं का? ताई म्हणाल्या, खोबरेल तेल, दुसरं काही लावू दिलं नाही.